मोरीकाठचा टोमॅटो

मार्च उलटला की रनाळ्यासारख्या गावात परसातलं टोमॅटोचं झाड फुलांनी भरतं, पण फळ धरत नाही. सकाळी बुंध्याशी पिवळ्या फुलांचा सडा पडलेला दिसतो. घरातलं कुणी पाणी वाढवतं, कुणी शेणखत घालतं, कुणी दुकानातून टॉनिकची बाटली आणतं. फूल गळायचं ते गळतंच. कारण पाण्यात नसतं आणि खतातही नसतं. ते हवेत असतं, आणि दुपारच्या हवेपेक्षा रात्रीच्या हवेत जास्त असतं. टोमॅटोला फळ धरण्यासाठी रात्री साधारण 15 ते 20 अंशांचा गारवा हवा असतो. रात्रीचा पारा 24 च्या खाली उतरेनासा झाला आणि दिवसाचा 35 ओलांडू लागला की परागकण वांझ निघतात. फलन न झालेलं फूल मग देठावरच्या गाठीपाशी सुटून पडतं.

रनाळे नंदुरबार तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात, दोंडाईच्याच्या बाजूला आहे. पाऊस बेताचा, जमीन बहुतेक काळी, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाऊन बसलेला. अशा ठिकाणी घरच्या बागेत टोमॅटो लावायचा म्हटलं की लोक बाजारात दिसतो तसला मुठीएवढा टोमॅटो डोळ्यांसमोर आणतात आणि त्याचंच रोप आणतात. माझं मत उलट आहे. मोठा टोमॅटो शेतकऱ्याने ठिबकवर, तारा-बांबू बांधून घ्यावा. परसात लावायचा तो गोटीएवढा. मुलांना खेळता-खेळता तोंडात टाकायला बरा, म्हणून मी हे सांगत नाही. उन्हाशी जमवून घेण्याची ताकद त्याच्यात जास्त असते.

त्याचं मूळ पाहिलं की हे पटतं. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, पेरू आणि इक्वेडोरच्या भागात आजही वाढतात. त्यांतल्या एका जातीचं फळ जेमतेम एक सेंटिमीटरचं, वजन ग्रॅम-दोन ग्रॅम. तिथून ते मेक्सिकोपर्यंत पोहोचलं, माणसाने मोठं फळ निवडत निवडत त्याचा आकार वाढवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथून ते युरोपात आणलं. आकार कसा वाढला याचा एक धागा सन 2000 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात स्टीव्हन टँक्सली यांच्या गटाने उलगडला. फळाच्या वजनावर ताबा ठेवणारं एक जनुक त्यांनी वेगळं काढलं. रानटी रूपात ते फळाच्या पेशींचं विभाजन आवरून धरतं, लागवडीतल्या रूपात हा लगाम सैल पडलेला असतो, आणि एवढ्या एका फरकाने फळाचं वजन तीस टक्क्यांपर्यंत बदलतं. आपण ज्याला चेरी टोमॅटो म्हणतो तो रानटी आणि मोठ्या टोमॅटोच्या मधला. रानटीपणा त्याच्यात अजून शिल्लक आहे, म्हणून तो मोरीच्या सांडपाण्यावर, उकिरड्याच्या कडेला, कुणी न लावताही उगवतो. बुलबुल आणि साळुंक्या फळ खाऊन बी भलतीकडे टाकतात. घरामागे असं आपोआप उगवलेलं झाड असेल तर ते उपटू नका. त्याने तुमची माती, तुमचं पाणी आणि तुमचं ऊन आधीच पारखून घेतलेलं असतं.

छोट्या फळाचा हिशेबही सोपा असतो. मोठ्या जातीच्या घोसाला चार-पाच फुलं. त्यांतली तीन गळाली की घोस संपला. छोट्याच्या घोसाला दहा-बारा, कधी वीस फुलं. निम्मी गळाली तरी वाटीभर फळ उरतं. गरमीत फळ धरण्याची ताकदही लहान फळांच्या जातींत सहसा जास्त सापडते. फुलापासून पिकायला मोठ्या टोमॅटोला दीड ते दोन महिने लागतात, छोट्याचं पाच-सहा आठवड्यांत भागतं. म्हणजे ऊन चढण्याआधी तो हाताला लागतो. फळाचं बूड काळं पडून सडण्याची तक्रार लांबट मोठ्या जातींत नेहमीची. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस नाही, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत चुना, म्हणजे कॅल्शियम, पोहोचत नाही आणि तिथे कुजका चट्टा पडतो. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात हे ठरलेलंच. छोट्या टोमॅटोत ही कुज क्वचित दिसते. त्याचं दुखणं निराळं: कोरड्या मुळांना एकदम पाणी मिळालं की पिकत आलेलं फळ तडकतं. तडकलेलं फळ त्याच दिवशी चटणीत जातं, फेकावं लागत नाही.

हे खरं असलं तरी मे महिन्यात छोटा टोमॅटोही हात टेकतो. त्यामुळे सगळा खेळ वेळेचा आहे. इंग्रजी महिन्यांपेक्षा इथले सण लक्षात ठेवलेले बरे. पोळा झाला की बी टाकायचं. रोपं पंचवीस-तीस दिवसांत वीतभर होतात. नवरात्रात, फार तर दसऱ्याला, ती कायमच्या जागी लावायची. ऑक्टोबरची तलखी सरता-सरता पहिली फुलं येतात, रात्री गार झालेल्या असतात आणि फूल धरतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, त्या सुमारास पहिली फळं रंगावर येतात. तिथून होळीपर्यंत तोडा चालतो. जूनमध्येच बी टाकायची घाई अनेकांना असते. पावसाळ्यात झाड वाढतं जोमाने, पण सततच्या ओलीत पानांवर करप्याचे गोल-गोल वळ्यांचे डाग पडतात, आणि काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं गुदमरतात. हिवाळ्याचं पीक घ्या, खर्चही कमी येतो.

काळ्या मातीबद्दल थोडं. ती सुपीक आहे, पण परसातल्या लहानशा जागेत ती त्रासदायक ठरते: ओली असताना चिकट, वाळली की भेगाळते आणि भेगांत मुळं तुटतात. तिच्यात निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी नाल्यातली वाळू मिसळली की ती मोकळी होते. चुलीतली राख पालाश देते म्हणून सगळीकडे सांगतात. पण काळी माती मुळातच विम्लाकडे झुकलेली असते आणि राख तिला आणखी तिकडेच ढकलते. झाडामागे मूठभर, महिन्यातून एकदा, यापेक्षा जास्त नको. ताजं शेण तर नकोच. त्याने नत्र वाढून झाड माजतं. हिरवंगार, माणसाच्या उंचीचं, आणि फळाच्या नावाने बोंब.

जागा नसेल तर तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा एका झाडाला पुरतो. तळाला चार भोकं पाडायची आणि बाहेरून चुना फासायचा, नाहीतर दुपारी पत्रा तापून मुळं भाजून निघतात. सिमेंटची रिकामी गोणी याहून बरी. ती तापत कमी आणि जादा पाणी झिरपून जातं. सकाळचं ऊन मिळेल आणि तीननंतर भिंतीची सावली पडेल अशी जागा शोधा. फेब्रुवारीअखेर ऊन लागू लागलं की वर जुनी सुती साडी ताणून बांधा. तेवढ्याने तोडा पंधरा दिवस तरी लांबतो. बुंध्याशी गव्हांडा किंवा भुईमुगाची टरफलं चार बोटं जाड पसरली की पाणी निम्म्यावर भागतं. मोरीचं सांडपाणी चालतं, मात्र कपड्यांच्या साबणाचं नको. भांडी विसळलेलं, भाजी-तांदूळ धुतलेलं द्या.

आता मुख्य दुखणं. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी देशभर ओळखली जाते. रनाळ्याच्या परिसरात मिरची आहे, कापूस आहे, पपई आहे. ही तिन्ही पिकं पांढऱ्या माशीला आवडतात, आणि चौथा तिचा आवडता टोमॅटो. मिलिमीटरभर लांबीची ही माशी पानाच्या मागच्या बाजूला बसते. झाडाला हलका धक्का दिला की पिठाची चिमूट उधळावी तशी उडते आणि क्षणात परत बसते. तिने रस शोषल्याने होणारं नुकसान थोडं. ती जो विषाणू आणते तो घातक. मिरचीवरचा चुरडा-मुरडा ज्या कुळातल्या विषाणूंमुळे होतो, त्याच कुळातले विषाणू टोमॅटोचीही पानं वळवतात. शेंड्याची पानं लहान, जाड, वरच्या बाजूला द्रोणासारखी वळलेली, कडा पिवळट. झाड खुजं राहून झुडपासारखं दिसतं आणि फुलं आली तरी धरत नाहीत. माशीला रोगट झाडावर काही मिनिटं मिळाली की विषाणू तिच्या अंगात शिरतो आणि मग ती बरेच दिवस जाईल तिथे तो पेरत राहते.

या रोगावर औषध नाही. दुकानदार देईल ते माशीला मारायचं औषध असेल, विषाणूला मारायचं नव्हे. आणि परसातल्या, रोज तोंडात टाकायच्या फळावर ते मारू नये असं मी स्पष्ट सांगतो. उपाय रोपाच्या लहानपणी करायचा असतो. जितक्या कोवळ्या वयात लागण होते तितकं नुकसान मोठं. फळांनी लगडलेल्या झाडाला लागण झाली तर तोडा थोडा घटतो, दोन पानांच्या रोपाला झाली तर ते झाड गेलंच समजा. म्हणून बी टाकलेल्या कुंडीवर पहिल्या दिवसापासून बारीक छिद्रांची जाळी हवी. मच्छरदाणीचं कापड पुरत नाही, त्यातून ही माशी आरपार जाते. रोपवाटिकेत वापरतात ती 40 ते 50 मेशची नायलॉन जाळी आणा. मीटरभर जाळी आणि वाकवलेल्या तारेच्या दोन कमानी, एवढ्यात काम होतं. रोपं लावल्यावर झाडांच्या उंचीवर एक-दोन पिवळे चिकट सापळे टांगा. पिवळ्या रंगाला ही माशी भुलते. प्लास्टिकच्या पिवळ्या झाकणाला एरंडेल फासलं तरी भागतं. आठवड्यातून एकदा निंबोळीचा अर्क: 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारायचं. पानाच्या वरच्या बाजूने फवारणं म्हणजे माशीच्या घराच्या छपराला पाणी मारणं. एवढं करूनही एखादं झाड वळलंच तर मोह न ठेवता उपटून पुरा. त्याच्यापायी शेजारची चार झाडं जातात.

दुसरा एक विषाणू माशीबरोबर येत नाही, तो माणसाच्या हातातून येतो. तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू पान वाळवून, मळून, पुडीत भरल्यावरही जिवंत राहतो आणि टोमॅटोला लागतो. तंबाखू मळलेल्या हातांनी फांदी मोडली तर लागण होऊ शकते. आपल्याकडे ही सवय किती घरांत आहे हे सांगायला नको. झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. आजोबांना सोडून बाकीचे ऐकतील.

नागअळीचीही ओळख ठेवा. टोमॅटोची ही दक्षिण अमेरिकी नागअळी भारतात पहिल्यांदा 2014 मध्ये पुणे परिसरात सापडली आणि तिथून देशभर पसरली. पानावर फिकट, फुगीर चट्टे पडलेले दिसले तर पान उन्हाकडे धरून पाहा. आत बारीक अळी आणि तिची काळी विष्ठा दिसते. चार-सहा झाडांत पान तोडून चुलीत टाकणं हाच उपाय पुरतो. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेला झेंडूची दोन-तीन झाडं लावा. पतंग अंडी घालायला झेंडूकडे जातो, आणि दसऱ्याला तोरणाचीही सोय होते.

छोटा टोमॅटो बहुधा वेलासारखा वाढत राहणारा असतो. सहा-सात फूट सहज जातो. आधारासाठी बांबू विकत घ्यायची गरज नाही. कापसाच्या पऱ्हाट्या गावात मुबलक असतात. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून त्या शेतातून काढाव्याच लागतात. बोंडं झाडलेल्या चार-पाच जाड पऱ्हाट्या एकत्र बांधून रोवल्या की झाडाला खरबरीत, फाट्याफाट्यांचा आधार मिळतो. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारी बगलफूट बोटाएवढी असताना मोडायची. दोन किंवा तीन फांद्या ठेवल्या की पुरे. मोडलेली बगलफूट टाकून देऊ नका. पाण्याच्या पेल्यात किंवा ओल्या मातीत खोचली की आठ-दहा दिवसांत तिला मुळं फुटतात. आवडत्या झाडाची हुबेहूब नक्कल एकही पैसा न घालता मिळते.

फूल एकदा जवळून पाहा. पाच पाकळ्या मागे वळलेल्या, मधोमध पुंकेसरांचा जुळून झालेला पिवळा शंकू, आणि स्त्रीकेसर त्या शंकूच्या आत. पराग शंकूच्या आतल्या बाजूने सुटतो, म्हणून टोमॅटो बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळ धरतो. फक्त तो झडायला हादरा लागतो. आपली मधमाशी तो हादरा देऊ शकत नाही. भुंगा देतो: फुलाला लटकून पंख न हलवता अंग थरथरवतो आणि पराग पिठासारखा खाली पडतो. युरोपातल्या काचघरांत याच कामासाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून भुंग्यांच्या जातभाईंच्या पेट्या विकल्या जाऊ लागल्या. परसात वारा नसेल, भुंगा फिरकत नसेल, तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घोसाच्या देठाला नखाने टिचक्या मारा. ऊन चढल्यावर किंवा दमट सकाळी याचा उपयोग होत नाही.

चवीबद्दल लोकांचा एक समज बरोबर आहे: जुना टोमॅटो खरंच चवदार होता. पूर्वीच्या टोमॅटोच्या खांद्यावर, देठाजवळ, गडद हिरवा पट्टा असे. फळ सगळीकडून सारखं लाल दिसावं म्हणून पैदासकारांनी तो पट्टा नसलेली झाडं निवडली. 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की हा पट्टा देणारं जनुक फळातली हरितद्रव्यं वाढवतं आणि फळातली साखरही. सुबक रंगापायी गोडी गेली. छोट्या टोमॅटोत साखर मुळातच जास्त असते. मोठ्यातला विरघळणारा घन अंश चार-पाच टक्के, तर चांगल्या छोट्यातला सात ते नऊ. तोडल्यावर फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीत वास देणारी द्रव्यं तयार करणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत, असं 2016 मधल्या अभ्यासात दिसलं. परडीत, हवेशीर कोपऱ्यात चार-पाच दिवस तो छान राहतो.

बियाण्याचा प्रश्न इथेच येतो. पाकिटातला सुंदर छोटा टोमॅटो बहुधा संकरित असतो. त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी भावंडं निघतात, पण तोच टोमॅटो निघत नाही. सरळ वाण असेल किंवा मोरीकाठचा गावठी असेल तर बी घरीच धरा. नंदुरबार जिल्ह्यातच, धडगाव भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी बायफ संस्थेच्या सोबतीने ज्वारी-मक्याचे स्थानिक वाण जपले आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी 2020 सालचा पद्मश्री जाहीर झाला. टोमॅटोचं बी जपायला त्या मानाने काहीच कष्ट नाहीत. सगळ्यात निरोगी झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली पाच-सहा पूर्ण पिकलेली फळं घ्या. सगळ्यात मोठं फळ नव्हे, सगळ्यात चांगलं झाड निवडायचं. गर पेल्यात पिळून दोन-तीन दिवस झाकून आंबू द्या. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असतं. ते बीला फळातच उगवू देत नाही. आंबल्यावर ते सुटतं, वर पांढरी साय येते, चांगलं बी तळाशी बसतं. धुऊन ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं. काचेच्या बाटलीत कोरड्या राखेबरोबर ते तीन-चार वर्षं उगवणीचं राहतं. छोट्या टोमॅटोत स्त्रीकेसर कधी-कधी शंकूबाहेर डोकावतं आणि शेजारच्या मोठ्या टोमॅटोचा पराग लागू शकतो. म्हणून बियाण्याचं झाड इतरांपासून पंधरा-वीस फूट दूर ठेवा.

एका निरोगी झाडाला हंगामात दोन-तीन किलो फळ येतं. फेब्रुवारीत ते एकदम पिकतं. तव्यावर तेलात लसूण-हिरवी मिरची परतून त्यात अख्खे टोमॅटो फुटेपर्यंत ठेचून घेतलेली चटणी आणि कळण्याची भाकरी, हे तर होतंच. उरलेल्याचं वाळवण करा. ज्या कोरड्या हवेत नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळते, तीच हवा इथे कामाला येते. छोटा टोमॅटो दोन फोडी करून, मीठ लावून, पातळ फडक्याखाली तीन-चार उन्हं दिली की चामड्यासारखा होतो. आणखी एक-दोन उन्हं दिली की कडकडीत मोडतो. कडकडीत झाल्याशिवाय बरणीत भरायचा नाही, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते.

या वाळवणाचं मोल जुलैत कळतं. जुलै 2023 मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला होता. कारणं अनेक होती; त्यांतलं एक दरवर्षीचंच आहे, एप्रिल-मेच्या उन्हात फुलं गळतात आणि जून-जुलैत बाजारात माल कमी पडतो. तेव्हा परसातलं झाडही रिकामंच असतं. बरणीतल्या दहा-बारा फोडी वरणात पडल्या की चार माणसांच्या एका जेवणाची आंबटाची सोय होते.